मैला गाळाच्या केंद्राची क्षमता ठरवण्याआधी गाड्यांच्या खेपा मोजाव्यात

आपल्या प्रश्नाचा गोषवारा असा आहे. तालुक्याचे गाव, वस्ती सुमारे चाळीस हजार, भुयारी गटार नाही आणि नजीकच्या काळात होण्याची चिन्हेही नाहीत. घरोघरी सेप्टिक टँक आहेत, ज्यांना गावात सर्रास ‘सेफ्टी टाकी’ म्हणतात. उपसा करणाऱ्या दोन खासगी गाड्या आतला मैला रात्री ओढ्याच्या पुलाखाली सोडतात. नगरपरिषदेने कचरा डेपोशेजारी प्रक्रिया केंद्र उभारण्याचे मनावर घेतले असून सल्लागाराने लोकसंख्येवरून रोजची साठ हजार लिटर क्षमता सुचवली आहे. ही क्षमता बरोबर आहे का, जागा कशी पाहावी, पद्धत कोणती घ्यावी आणि वाळलेला गाळ शेतकऱ्यांना देता येईल का, असे आपण विचारले आहे.

क्षमतेचा आकडा लोकसंख्येतून निघत नाही, हे आधी स्पष्ट करतो. सांडपाण्याचे पाणी नळातून घरात येते आणि रोज बाहेर पडते, म्हणून तिथे माणशी लिटरचा हिशेब चालतो. टाकीतला गाळ मात्र गाडी येऊन उपसेपर्यंत जागचा हलत नाही. केंद्रावर रोज किती माल येईल, हे गावात किती टाक्या आहेत, त्यांचे आकारमान किती आणि त्या किती वर्षांनी उपसल्या जातात, या तीन गोष्टींवर अवलंबून असते. त्यातली तिसरी गोष्ट निसर्गाने ठरवलेली नसून ती आपल्या सर्वसाधारण सभेने ठरवायची आहे.

उदाहरणादाखल आपल्या गावात आठ हजार घरे आणि त्यांच्या सहा हजार टाक्या धरू (काही टाक्या सामाईक असतात, काही घरे सार्वजनिक शौचालयावर असतात). एका टाकीतून सरासरी चार हजार लिटर माल निघतो असे धरले आणि प्रत्येक टाकी तीन वर्षांतून एकदा उपसायची ठरवली, तर वर्षाला दोन हजार टाक्या, म्हणजे ८० लाख लिटर होतात. सण, सुट्ट्या, गाडीची दुरुस्ती वगळून वर्षाचे २८० दिवस काम धरले, तर रोजचे साधारण साडेअठ्ठावीस हजार लिटर, म्हणजे चार हजार लिटरच्या गाडीच्या सात खेपा. आता सध्याची रीत पाहा. संडास तुंबल्याशिवाय कोणी गाडी बोलावत नाही आणि तशी वेळ आठ-दहा वर्षांनी येते. त्या रीतीने वर्षाला सहाशे ते साडेसातशे टाक्या उपसल्या जातात आणि रोजचा माल दहा हजार लिटरच्या आसपास राहतो. तेच गाव, त्याच टाक्या, तरीही एका निर्णयाने आकडा जवळजवळ तिप्पट होतो. साठ हजारांची क्षमता यांपैकी कोणत्याच हिशेबात बसत नाही. आसपासच्या गावांच्या टाक्या धरून ती काढली असेल, तर तसे लेखी दाखवायला सल्लागाराला सांगावे.

माझे हे आकडे जसेच्या तसे उचलू नयेत. निविदेच्या आधी एक महिना पाहणीसाठी द्या. प्रत्येक पेठेतली आणि प्रत्येक नव्या वसाहतीतली मिळून दोन-अडीचशे घरे निवडा आणि ढापे उघडून पाहा. मोजमापाला महागडे यंत्र लागत नाही. लांब बांबूच्या खालच्या चार-पाच फुटांवर पांढरा पंचा घट्ट गुंडाळून बांधायचा, तो टाकीच्या तळाला टेकवून मिनिटभर स्थिर धरायचा आणि सावकाश वर काढायचा. पंचावर खाली दाट काळा पट्टा दिसतो तो गाळ आणि त्याच्या वर फिकट मळकट भाग दिसतो ते पाणी. वरचा तवंग वेगळा मोजावा लागतो. गाळ आणि तवंग मिळून पाण्याच्या खोलीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत पोहोचले, की टाकी उपसायला झाली असे समजावे. मोजणी करणाऱ्याने तोंड झाकणापासून दूर ठेवावे, काडी किंवा विडी पेटवू नये आणि कोणत्याही कारणाने आत उतरू नये. टाकीत मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड साठलेला असतो आणि यांतला दुसरा वायू नाक बधिर करतो, त्यामुळे वास थांबला म्हणजे धोका टळला असा समज जिवावर बेततो.

या पाहणीत आणखी एक गोष्ट हमखास उघडी पडते. काळ्या मातीच्या गावात शोषखड्डे चालत नाहीत, कारण ओली झाली की ती माती फुगते आणि पाणी मुरू देत नाही. मग घरमालक टाकीच्या तोंडाची नळी सरळ उघड्या गटारीत सोडतो. अशी टाकी कधी ‘भरत’च नाही. आतला गाळ वाढत जातो, पाण्याला थांबायला जागा उरत नाही आणि कच्चा मैला गटारीने ओढ्याला जातो. घरमालकाला मात्र आपली टाकी वीस वर्षे उत्तम चालली याचा अभिमान असतो. ‘अजून भरली नाही’ हे उत्तर त्यामुळे नोंदवहीत लिहून घ्यावे आणि त्यावर विश्वास ठेवू नये.

म्हणून माझा आग्रह ठराविक कालावधीने उपसा करण्याच्या योजनेचा आहे. आपल्याच राज्यात वाई नगरपरिषदेने २०१८ पासून तीन वर्षांच्या चक्राने असा उपसा सुरू केला आणि सिन्नरनेही तोच मार्ग घेतला. प्रभाग ठरवून गाडी ओळीने घरोघर जाते आणि दारात आल्यावर पैसे मागितले जात नाहीत. खर्च कराच्या रूपाने वसूल होतो. याचा हिशेब नागरिकांना समजावणे सोपे आहे. मी काम केलेल्या गावांत खासगी गाडीवाला एका खेपेला दीड ते तीन हजार रुपये घेई. दोन हजार धरले आणि तीन वर्षांवर विभागले, तर वर्षाला ६६७ रुपये, म्हणजे महिन्याला ५६ रुपयांच्या आत. एकदम दोन हजार काढायला टाळाटाळ करणारा माणूस मालमत्ता कराच्या बिलात एवढी रक्कम भरतो. मात्र ठरल्या वर्षी घरापुढे गाडी आली नाही, तर पुढच्या वर्षी तो कर भरणार नाही आणि त्याचे चुकलेही म्हणता येणार नाही.

सध्याच्या दोन गाडीवाल्यांना बाहेर काढू नका. कोणत्या गल्लीत ढापा कुठे पुरला आहे, कोणाच्या टाकीवर न्हाणीघर बांधले आहे, हे गावात त्यांच्याइतके कोणालाच माहीत नसते. त्यांना परवाना द्या, गाडीला जीपीएस बसवा आणि पैसे घरातून उपसा केल्यावर न देता केंद्रावर माल उतरवल्याची पावती दिसल्यावर द्या. ओढ्यात सोडलेल्या खेपेचे पैसे मिळत नाहीत, एवढे कळले की पुलाखालची वर्दळ थांबते. गावठाणात जिथे मोठी गाडी शिरत नाही, तिथे ट्रॅक्टरला जोडलेली दीड-दोन हजार लिटरची टाकी आणि तीस-चाळीस मीटरचा होज लागतो. हे वाहन निविदेत आठवणीने घाला, नाहीतर सर्वांत जुन्या आणि सर्वांत दाट वस्तीच्याच टाक्या योजनेबाहेर राहतात. कामगारांची साधने, प्रशिक्षण आणि विमा करारात असलाच पाहिजे. हाताने मैला उचलण्यास बंदी घालणारा कायदा २०१३चा आहे. गटार किंवा टाकीत मृत्यू झाल्यास वारसांना तीस लाख रुपये देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३मध्ये दिला आहे.

आता जागेविषयी. एका नगरपरिषदेत मी असे केंद्र पाहिले, जे कागदावर निर्दोष होते. शासकीय गायरान मिळाले, वस्ती लांब, हरकत कोणाची नाही. पण ते गावापासून चौदा किलोमीटरवर आणि वाटेत चढ. उद्घाटनानंतरच्या पावसाळ्यात गेलो, तर गाळ वाळवायच्या वाळूच्या वाफ्यांत गुडघाभर गवत उगवले होते आणि राखणदार त्यात शेळ्या चारत होता. गाडीवाल्याला जाऊन येऊन दीड तास मोडत होता, डिझेल त्याच्या पदरचे होते आणि ओढा वाटेतच होता. तेव्हापासून मी जागेचा विचार गाडीच्या घड्याळाने करतो. सात खेपा दोन गाड्यांनी करायच्या, तर एका गाडीला दिवसाला तीन ते चार खेपा पडतात. ढापा शोधून उपसा करायला पाऊण तास ते तास जातो. म्हणजे जाणे, उतरवणे आणि परत येणे मिळून पाऊण तासाच्या वर गेले, की चौथी खेप होत नाही. यावरून पाच-सहा किलोमीटर अंतर उत्तम, आठ-दहा हे टोक. कचरा डेपो या पट्ट्यात असेल तर आपला विचार योग्यच आहे. तिथे कुंपण, वीज, राखण आणि ओला कचरा आधीच आहे आणि त्या कचऱ्याचा उपयोग पुढे सांगणार आहे.

जागेच्या बाकीच्या अटी थोडक्यात सांगतो. पाटबंधारे खात्याच्या नकाशावर निळी पूररेषा पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची असते. केंद्र लाल रेषेच्याही बाहेर असावे, कारण पुरात बुडालेले मैला केंद्र खालच्या गावाच्या पाण्यात मिसळते. उतारावर खालच्या बाजूला विहिरी किंवा पाणीयोजनेचा उद्भव नसावा. कोकणात जांभा दगडातून पाणी झरझर मुरते, म्हणून तिथे ही अट दुप्पट काटेकोर हवी. भरलेली गाडी पावसाळ्यातही रुतणार नाही असा रस्ता आणि ती वळवायला मोकळी जागा हवी. प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती काम सुरू करण्याआधी घ्यावी. आणि शेजारच्या वस्तीशी बोलणे जाहीर सूचनेने होत नाही, चालू केंद्र दाखवायला नेण्याने होते. पंचवीस माणसांची एक बस भाड्याने करा. बंगळुरूजवळच्या देवनहळ्ळीत २०१५ पासून रोज सहा हजार लिटरचे छोटे केंद्र आहे, पण तेवढ्या लांब जाण्यापेक्षा वाई आणि सिन्नर बरे.

पद्धतीच्या बाबतीत पहिला प्रश्न असा विचारावा, की दहा-पंधरा किलोमीटरवर एखादे चालू सांडपाणी केंद्र आहे का आणि त्याची क्षमता मोकळी आहे का. असेल तर वेगळे केंद्र बांधण्याची घाई करू नये. पण तिथे माल ओतण्याआधी एक हिशेब करावा. टाकीतला माल सांडपाण्यापेक्षा कितीतरी तीव्र असतो. त्याचा बीओडी (आतली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते याचे माप) लिटरमागे पाच हजार मिलिग्रॅम आणि सांडपाण्याचा दोनशे धरला, तर चार हजार लिटरची एक गाडी एक लाख लिटर सांडपाण्याइतका भार टाकते. म्हणून गाडी थेट चेंबरात रिकामी करायची नसते. आधी साठवण टाकीत घेऊन दिवसभर थोडा थोडा सोडायचा असतो.

सांडपाणी केंद्र जवळ नसेल, तर आपल्यासारख्या गावाला मी वाळूचे वाळवण वाफे सुचवेन. यंत्रांनी गाळ पिळून काढणारी किंवा उष्णतेने वाळवणारी केंद्रे वाईट नाहीत, त्यांना जागा कमी लागते आणि पावसाची फिकीर नसते. पण त्यांना अखंड वीज, रसायने आणि जाणकार चालक लागतो. आपल्या नगरपरिषदेकडे पाणीपुरवठ्याच्या पंपाला वेळेवर माणूस मिळतो का, याचे प्रामाणिक उत्तर मनाशी द्या आणि मग ठरवा.

वाफ्यांचे गणित असे. मालात दोन टक्के घनपदार्थ धरले, तर ८० लाख लिटरमधून वर्षाला १,६०,००० किलो घन गाळ येतो. आपल्या हवामानात एका चौरस मीटर वाफ्यावर वर्षाला १०० ते २०० किलो वाळवता येतो. प्रत्येकी ११० चौरस मीटरचे बारा वाफे केले, तर १,३२० चौरस मीटर, म्हणजे तेरा गुंठे होतात आणि भार १२१ किलोवर येतो. हे सुरक्षित आहे. एका वाफ्यात पाव मीटर उंचीपर्यंत माल घेतला, तर साडेसत्तावीस हजार लिटर, म्हणजे जवळपास एका दिवसाचा माल मावतो. उन्हाळ्या-हिवाळ्यात तो बारा दिवसांत खरवडण्याजोगा होतो, पावसाळ्यात छत असूनही वीस दिवस धरावेत. यावरून उपशाचे वेळापत्रकही ठरते. पावसाळ्याच्या चार महिन्यांत पाचशे टाक्या आणि उरलेल्या आठ महिन्यांत दीड हजार, अशी विभागणी केली तर बारा वाफे पुरतात. वर्षभर सारखी विभागणी केली तर जुलैत गाड्या दारात उभ्या राहतील. छत पारदर्शक पत्र्याचे, बाजू मोकळ्या आणि उंची हवा खेळेल इतकी ठेवावी. घाटमाथ्यावर आणि कोकणात छताशिवाय वाफे बांधणे म्हणजे पावसाचे पाणी गाळून घेण्याची सोय करणे होय.

वाफ्याआधी गाडी जिथे रिकामी होते, तिथली जाळी नकाशात इवलीशी दिसते आणि चालवताना सर्वांत जास्त त्रास देते. व्हॉल्व्ह उघडला की पहिल्या दोन मिनिटांत त्या जाळीवर सॅनिटरी पॅड, डायपर, चिंध्या, गुटख्याच्या पुड्या आणि शाम्पूच्या पाकिटांचा ढीग जमतो. जाळी उभ्या माणसाला लांब दांड्याच्या पंज्याने ओढता येईल अशा उंचीवर, तिरकी आणि दोन पदरी असावी. खाली वाकावे लागले, तर कामगार ती आठवड्याभरात उचलून बाजूला ठेवतो आणि मग वाफ्यातले खत प्लॅस्टिकने भरते.

सार्वजनिक शौचालये, लॉज आणि मंगल कार्यालयांचा माल वेगळा ओळखावा. तो काही आठवड्यांतच उपसला जातो, टाकीत कुजायला त्याला वेळ मिळालेला नसतो आणि असा ताजा मैला एकटा वाफ्यात घेतला तर पाणी सोडत नाही, वरून साय धरतो, आत लगदा राहतो आणि दुर्गंधी सुटते. घरगुती टाकीच्या जुन्या गाळात थोडा थोडा मिसळून तो घ्यावा. आपले गाव पालखीमार्गावर असेल, तर वारीच्या मुक्कामाच्या फिरत्या शौचालयांचा माल दोन दिवसांत अंगावर येतो. तो थोपवायला वेगळी साठवण टाकी हवी आणि ती त्या वेळी रिकामी असली पाहिजे.

वाफ्यातून खाली झिरपणाऱ्या पाण्याचा बहुतेक आराखड्यांत नुसता बाण काढलेला असतो. तो बाण कुठे जातो हे विचारा. आलेल्या मालापैकी निम्म्याहून बराच जास्त भाग पाणी होऊन खाली उतरतो आणि ते दिसायला स्वच्छ असले तरी सांडपाण्याइतके किंवा त्याहून दूषित असते. त्यासाठी बंदिस्त कप्प्यांची टाकी, त्यानंतर कर्दळ किंवा पाणकणीस लावलेला खडीचा वाफा आणि शेवटी उघडे तळे, अशी साखळी विजेशिवाय चालते. ते पाणी डेपोभोवतीच्या झाडांना द्यावे, ओढ्यात सोडू नये. हे सारे, वळणाची जागा, साठवणुकीची शेड आणि पुढच्या वाढीसाठी चार वाफ्यांची राखीव जागा धरून एक ते दीड एकर लागेल.

दोन हजार टाक्यांचे चक्र पहिल्याच वर्षी पूर्ण होत नाही. म्हणून जमीन पूर्ण घ्या, साखळी आणि छताचा पाया पूर्ण करा, पण वाफे आधी सहाच बांधा. पहिल्या वर्षाच्या पावत्या हाती आल्या की उरलेल्यांचा निर्णय डोळस होतो. आसपासच्या ग्रामपंचायतींशी मात्र आत्ताच करार करा, त्यांच्या टाक्यांनाही दुसरी जागा नाही. त्यांच्याकडे दोन शोषखड्ड्यांचे संडास असतील, तर ते या हिशेबात धरू नयेत, कारण भरलेला खड्डा बंद ठेवून कालांतराने त्यातले सोनखत तिथेच काढायचे असते.

खताचे शेवटी घेतले, कारण पुष्कळ गावे तिथूनच सुरुवात करतात आणि खतविक्रीतून केंद्राचा खर्च निघेल असे ठरावात लिहितात. तो निघत नाही. बारा दिवसांनी वाफ्यातला गाळ आटलेल्या तळ्यासारखा भेगाळतो, फावड्याने ढेपा निघतात आणि त्यांना वास जवळजवळ नसतो. मातीसारखे दिसले की लोक ते लगेच ट्रॉलीत भरू पाहतात, पण जंतांची अंडी त्यात जिवंत असतात आणि वाळवण्याने ती मरत नाहीत. एक मार्ग म्हणजे कोरडा गाळ पाऊस न लागेल अशा शेडमध्ये वर्षभराहून अधिक काळ ठेवणे. दुसरा म्हणजे डेपोवरच्या वर्गीकृत ओल्या कचऱ्यात मिसळून ढीग लावणे, त्याचे तापमान ५५ अंशांच्या वर सलग काही दिवस राहील अशा रीतीने तो उलटत राहणे आणि तापमान रोज नोंदवणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६च्या मार्गदर्शक तत्त्वांत एक ग्रॅम कोरड्या गाळात एकाहून अधिक अंडे नसावे असे म्हटले आहे, म्हणून प्रत्येक ढिगाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवल्याशिवाय पोते बाहेर जाऊ देऊ नये. ऊस, चारा, फळझाडे आणि रोपवाटिका यांना हे खत द्यावे. गाजर, मुळा, मेथी, कोथिंबीर यांना देऊ नये. पहिली दोन वर्षे किंमत लावूच नका, बांधापर्यंत नेऊन टाका. शेडमध्ये प्रत्येक ढिगाला वाफा क्रमांक आणि खरवडल्याची तारीख खडूने लिहिलेली पाटी लावा. नव्या आणि जुन्या ढिगांची गल्लत तपासनीसाच्या आधी तुमच्याच कामगाराकडून होते.